मंगळवारचं इंजेक्शन

पुणे,
१० एप्रिल २०२०

ति. आक्कास,
मोनाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. काल तुला फोन केला तर शेजारच्या बब्रुवानकाकांनी उचलला. म्हणाले, "दैवशालाचा फोन आता आमच्याच घरी असतो. मल्हारनं परवा दगडावर आपटायला काढला व्हता." मागे ओसरीवर माणसं बोलत बसलेली ऐकू येत होती. त्यांच्या देखत घरचं काय विचारणार? पोस्ट चालू आहे असं वॉचमन म्हणाला, म्हणून लिहायला बसले. लातूरला हॉस्टेलवर असताना तुला लिहायचे, त्यानंतर हे पहिलंच.

आक्का, मल्हारच्या इंजेक्शनचं काय? मार्चचं झालं होतं ना? आता येत्या मंगळवारी तालुक्याला मनाच्या डॉक्टरांचं शिबिर असेल, त्याला घेऊन जा. सात वर्षं आपला भाऊ त्या इंजेक्शनवर आणि रात्रीच्या गोळीवर माणसांत आहे. त्याआधीचे दिवस आठव. भिंतीशी बोलायचा, कुणीतरी मारायला येतंय म्हणून कणगीमागे लपायचा. त्यात खंड पडू देऊ नकोस. तू आशाताई आहेस, दवाखान्यातली माणसं तुझ्या ओळखीची आहेत. तुला कोण अडवणार?

माझं म्हणशील तर मीही मध्यंतरी बिघडले होते. चौथ्या मजल्यावर दार लावून बसायचं आणि खालून अॅम्ब्युलन्सचा आवाज ऐकायचा. एक दिवस भांडी घासताना छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. वाटलं, संपलं. सोमेशच्या कंपनीनं घरच्या माणसांसाठीही समुपदेशक ठेवलेत. आता दर गुरुवारी चार वाजता एक बाई व्हिडिओवर माझ्याशी पाऊण तास बोलतात. त्यांनीच एका डॉक्टरांशी गाठ घालून दिली, त्याही व्हिडिओवरच. गोळ्या सोसायटीच्या गेटवर येतात. दहा दिवसांत झोप लागायला लागली.

अप्पा मेंढरं घेऊन परत आले का? मायला नमस्कार.

तुझी,
मोना

---

३ मे २०२०

चि. मोनास,
आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र सोळा दिवसांनी मिळालं. गावात यायच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकलेत. पोस्टमन पल्याड थांबून नाव पुकारतो आणि कागद फेकतो.

अप्पा आले नाहीत. मेंढरं घेऊन ते बसवकल्याणच्या बाजूला अडकलेत, सीमा बंद झाली. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी फोनवरून निरोप येतो, बरा आहे म्हणून.

एप्रिलचं शिबिर झालं नाही. मे महिन्याचं पण होणार नाही. त्या डॉक्टरांना कोरोनाच्या कामाला लावलंय, आणि ते बसायचे त्या खोलीत आता नाकातले नमुने घेतात. मी दवाखान्याच्या बैठकीत उभी राहून विचारलं. साहेब म्हणाले, "ताई, सध्या ताप-खोकला बघा. हे नंतर बघू." सगळ्या आशा माझ्याकडं बघायला लागल्या, मग मी बसले. उमरग्याच्या मेडिकलवाल्याकडं भाजीच्या गाडीबरोबर जुनी चिठ्ठी पाठवली, त्यानं परत केली. नवी तारीख पाहिजे म्हणाला. सोलापूरला न्यावं म्हणून पासाचा अर्ज भरला. त्याला डॉक्टरचं पत्र जोडा म्हणतात. डॉक्टर भेटावा म्हणूनच पास मागतेय, तर पत्र कुणाचं जोडू? दोनदा नामंजूर झाला. माडीवाल्या अण्णारावांच्या सुनेला बाळंतपणानंतर असंच काहीतरी झालं, रडायची थांबेना. त्यांनी कुणाला तरी फोन लावला, दुपारपर्यंत पास आला आणि गाडीतून तिला सोलापूरला नेलं. चांगलं झालं, पोरगी वाचली. पण माझ्याकडं लावायला तसा नंबर नाही.

रोज साठ घरं फिरते. वहीत रकाने आहेत. ताप, खोकला, दम, बाहेरून आलेला. शांतम्माची सून सांगत होती, सासू चार दिवस जेवली नाही, नुसती आढ्याकडं बघत पडलीय. ते कुठं लिहायचं ते वहीत नाही.

माय म्हणते, भूकंपात निम्मं गाव गेलं तवा लांबलांबचे डॉक्टर यायचे. पत्र्याच्या शेडात आपल्याजवळ खाली बसायचे, कुणी रडलं तर रडू द्यायचे. आता माणसाजवळ बसायचीच बंदी आहे.

मल्हारला उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून दिल्या. वीस एप्रिलला त्याही संपल्या. फोनमधून त्याच्यावर कुणी नजर ठेवतं असं त्याच्या डोक्यात बसलंय, म्हणून फोन काकांकडं ठेवते. पण आता शांत आहे. घरातच असतो. तू काळजी करू नको, तुझ्या जिवाला जप.

तुझी,
आक्का

---

पुणे,
१९ मे २०२०

ति. आक्कास नमस्कार.

तो शांत आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण औषधाशिवाय किती दिवस? म्हणून मी एक मार्ग काढलाय.

माझ्या डॉक्टरांना मी मल्हारचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पेशंटला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय चिठ्ठी देता येत नाही, तसा नियम आहे. पण व्हिडिओवर बघितलं तर चालतं. फी मी भरते. चिठ्ठी मिळाली की इथून गोळ्या घेऊन पार्सल करते. तू फक्त फोन घरी आण आणि त्याच्यासमोर धर. दहा मिनिटांचं काम आहे. शनिवारी सकाळी त्यांना वेळ असतो.

मला माहीत आहे, तो फोनला घाबरतो. पण डॉक्टरबाई फार गोड बोलतात, अगदी आपल्यातल्या वाटतात. मीसुद्धा आधी घाबरले होते, पाच मिनिटांत मोकळी झाले. तू आधीच नाही म्हणशील, मला माहीत आहे. लहानपणापासून तू सगळं एकटीनं उचलायला बघतेस. या वेळी माझं ऐक.

सोमेशचे आईबाबा उमरग्याहून आमच्याकडे आलेत. कसेबसे पोचले बिचारे. घरात माणसं आहेत म्हणून मलाही बरं वाटतं.

तुझी,
मोना

---

३१ मे २०२०

चि. मोनास आशीर्वाद.

मी तुला मागच्या पत्रात खोटं लिहिलं. तो शांत नाही, मी त्याला बांधलंय. अप्पांच्या कुत्र्याची साखळी त्याच्या डाव्या पायाला आहे आणि दुसरं टोक मधल्या खांबाला. दोनदा तो काट्यापल्याड गेला, एकदा बायकांच्या अंगावर माती फेकली. गावच्या कोरोना समितीची माणसं दारात येऊन म्हणाली, "आवरत नसल तर पोलिसात देऊ." मग मी आणि मायनं मिळून बांधलं. त्यानं काही केलं नाही. पाय पुढं करून दिला. साखळी घासू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलीय, ती रोज बदलते. दिवसा सरकारी वही घेऊन फिरते आणि संध्याकाळी येऊन ती पट्टी धुते.

फोन त्याच्यासमोर धरायचा म्हणतेस. त्याला वाटतं त्यात माणूस बसलाय, आणि आपण त्याला खरंच त्यात बोलणारा माणूस दाखवणार. पण दुसरा मार्ग माझ्याकडं नाही. शनिवारी सहा तारखेला अकरा वाजता चालेल म्हणून डॉक्टरबाईंना सांग. हे पत्र त्याआधी पोचणार नाही, म्हणून काकांच्या घरून तुला फोन करून वेळ तेवढी कळवते. बाकीचं तिथं बोलता येणार नाही, ते तुला या पत्रातूनच कळेल.

तुझी,
आक्का

---

पुणे,
१४ जून २०२०

आक्का,

साखळीचं पत्र काल हातात पडलं. शनिवारच्या आधी मिळालं असतं तर मी हट्ट केला नसता. खरंच केला नसता की नाही, ते मलाही सांगता येत नाही.

त्या दिवशी आम्हाला एवढंच दिसलं. मल्हारचा चेहरा, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मल्हार, कसे आहात?" मग छपराचे पत्रे दिसले, मायचा आवाज आला आणि बंद झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढ्या पाहण्यावर चिठ्ठी देता येणार नाही, यांना दाखल करा. कुठं, ते त्या सांगू शकल्या नाहीत.

तेव्हापासून तुझा फोन लागत नाही. काल काकांना केला. "मल्हार शाळेत हाय, चौदा दिवस," म्हणाले आणि ठेवला. कुठली शाळा? त्याला काय झालं? वाईट असेल तरी लिही.

मोना

---

५ जुलै २०२०

चि. मोनास,

पत्राला उशीर झाला. आता सगळं लिहिते, मधे थांबवत नाही.

त्या शनिवारी मी साखळी काढली होती. डॉक्टरबाईंनी ती बघू नये असं मला वाटलं. त्याला न्हाऊ घातलं, अप्पांचा धुतलेला सदरा घातला. फोनमधून बाई त्याचं नाव घेऊन बोलल्या, तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्का, तू बी त्यांच्यातली व्हय?" फोन त्यानं चुलीच्या दगडावर आपटला आणि मागच्या भिंतीवरून गेला. मी पळाले, पण चप्पल घालेपर्यंत तो ओढ्यापल्याड होता.

तो अप्पांकडं निघाला होता. दोन दिवस चालला. सीमेच्या नाक्यावर अडवलं. नाव विचारलं, गाव विचारलं, तोंडाला काही का बांधलं नाही विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून मारलं. मग बाहेरून आलेल्या माणसांबरोबर त्याला एका हॉलमधे रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी जीपमधून गावात आणून सोडलं.

बाहेरून आलेल्याला चौदा दिवस वेगळं ठेवायचं. ज्याच्या घरी वेगळी खोली आणि संडास आहे त्यानं घरीच राहायचं, बाकीच्यांनी शाळेत. तसं कागदावर छापलेलंच होतं. अण्णारावांचा पुतण्या मुंबईहून आला, तो माडीवर राहिला. आपल्या घरी एकच खोली. मी समितीला म्हटलं, तो आजारी आहे, मी आणि माय बाहेर ओसरीवर झोपतो, त्याला आत राहू द्या. बब्रुवानकाका समितीत आहेत, वाईट माणूस नाही, तुला ठाऊक आहे. पण ते म्हणाले, "दैवशाला, तूच घरोघर नियम सांगती. तुझ्याच घरानं मोडला तर उद्या कोण ऐकंल?" शाळेची यादी मीच करते. मल्हार धुळाप्पा, वय एकोणतीस, असं माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली.

दुसरीच्या वर्गात त्याला एकट्याला ठेवलं, कारण बाकीचे त्याच्याबरोबर राहीनात. बाहेरून कडी. ताट खिडकीतून आत सरकवायचं. मायला जवळ जाऊ दिलं नाही, वय झालंय म्हणून. मी रोज सकाळी ताप बघायला जायची. अंगात प्लॅस्टिकचा झगा, टोपी, तोंड बांधलेलं, डोळ्यावर चष्मा. खिडकीशी बोलवून कपाळाला यंत्र लावायचं आणि आकडा लिहायचा.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुमी कोण?"

म्हटलं, "आक्का हाय रे."

"आक्का अशी न्हाय."

मी तोंडावरचं काढलं. मागून शिपाई वरडला, "ताई, काढू नका." मी परत बांधलं. मोना, किती वेळ काढलं होतं ते मी नंतर लई वेळा मोजून बघितलं. दोन श्वास झाले असतील.

त्यानंतर तो जेवेना. ताटात काही घातलंय म्हणायचा. भिंतीचा चुना खरवडून खायचा. पाणी फक्त पाऊस झाला की खिडकीतून हात काढून घ्यायचा. मी वरच्यांना कळवलं. ते म्हणाले, लक्षणं नसतील तर चौदा दिवस पुरे करा. दहाव्या दिवशी सकाळी तो खिडकीशी आला नाही. आत फोडलेल्या खिडकीच्या काचेचा तुकडा पडला होता. उजव्या हाताच्या तळव्यातून लई रक्त गेलं होतं. बाहेर पडायला बघत होता, जीव द्यायला नाही. मला तसं वाटतं. मी त्याला विचारलेलं नाही.

उमरग्याला नेलं. तीन दवाखान्यांनी तपासणीचा अहवाल नाही म्हणून दारातून परत लावलं. चौथ्यानं घेतलं. हाताला टाके घातले, चार दिवस सलाईन लावलं. त्याला कोरोना नव्हताच. तिथल्या डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी बघून गोळ्या लिहून दिल्या. नुसत्या लिहून दिल्या, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेवढ्यासाठी एप्रिलपासून मी सगळ्यांच्या पाया पडत होते.

आता तो घरी आहे. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. मेंढराची लोकर कातरायला आता जमणार नाही असं डॉक्टर म्हणाले. अप्पा मागच्या आठवड्यात आले. त्यांनी तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

शाळेच्या वहीत त्याच्या नावापुढं मला लिहावं लागलं, निगेटिव्ह, कालावधी पूर्ण. तेही मीच लिहिलं.

आक्का

---

पुणे,
२२ जुलै २०२०

ति. आक्कास,

चार वेळा पत्र लिहून फाडलं. गोळ्यांचं पार्सल वेगळं पाठवलंय, तीन महिन्यांच्या आहेत. पुढच्याही पाठवत राहीन.

तुला एक सांगायचंय. सोमेशचे आईबाबा कसेबसे आले असं मी लिहिलं होतं. ते तसे आले नाहीत. सोमेशला पास मिळाला होता. 'वृद्ध आईवडिलांना आणणे' असं कारण लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पास आला. सात मे रोजी तो गाडी घेऊन उमरग्याला गेला. तीन तास तिथं होता. तिथून आपलं गाव किती लांब आहे हे तुला सांगायला नको. तो निघताना म्हणाला, "मल्हारकडे जाऊन येऊ का? इंजेक्शन राहिलं असेल तर त्याला सोलापुरात दाखवता येईल, पास आहे, गाडी आहे." मी नको म्हणाले.

गावोगाव वाटेवर काटे टाकलेत म्हणतात, गावात घेणार नाहीत, असं त्याला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटली की तो मल्हारला आमच्या घरी घेऊन येईल. दोन खोल्या, सासूसासरे आणि माझी तब्येत. माझ्या सासरी त्याच्या आजाराचं कुणाला धड माहीत नाही. मी इतकी वर्षं "थोडा अबोल आहे" एवढंच सांगत आले.

गुरुवारच्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या वेळी तुम्ही स्वतःच आजारी होतात, स्वतःला दोष देऊ नका. चांगल्या आहेत त्या. पण त्यांनी मला माफ करून काय उपयोग? त्या मल्हारला ओळखत नाहीत.

तू काहीही लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

मोना

---

१२ नोव्हेंबर २०२०

चि. मोनास आशीर्वाद.

चार महिने मी उत्तर दिलं नाही. गोळ्या वेळेवर मिळतात. मल्हार घेतो, मायच्या हातून.

सात मेचं मला माहीत होतं. उमरग्याच्या आशाताईनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुमच्या मेव्हण्याची गाडी आली होती, सासूसासऱ्यांना घेऊन गेली. बाहेरून येणाऱ्या गाड्यांची नोंद आम्हीच करतो. तुझं मेचं पत्र वाचलं तेव्हा मला कळलं होतं की तू लपवतेस. मीही साखळी लपवली होती, म्हणून गप्प बसले. पुढं सगळं झाल्यावर मला तुझा राग आला. लई आला. तुझी पत्रं पेटीत उलटी घालून ठेवली. मग एक दिवस वाटलं, गाडी तुझ्या दारात होती आणि यादी माझ्या हातात होती. कुणी कुणाला विचारायचं?

आता कामाचं लिहिते. शिबिर परत सुरू झालं. परवा मंगळवारी मी आणि माय त्याला घेऊन गेलो. मार्चनंतर पहिलंच. लई गर्दी होती. आधी वीस-पंचवीस माणसं असायची, परवा बाकं पुरली नाहीत, लोक बाहेर लिंबाखाली बसले होते. शांतम्माची सून भेटली, एकटीच आलेली. शांतम्मा श्रावणात गेली. कशानं गेली ते कुणी तपासलं नाही. वयानं गेली असं लिहिलंय, आणि ते लिहिणारी मीच आहे.

तिथं खोलीत नवी नर्स होती. मल्हार खुर्चीवर नीट बसला, सदऱ्याची बाही डाव्या हातानं वर केली. पहिल्यासारखाच गुणी. आता तो भिंतीशी बोलत नाही, रात्री झोपतो, अप्पांबरोबर माळावर जातो. डॉक्टर म्हणाले, बराच सावरलाय. सगळे तसंच म्हणतात आणि खोटं नाही.

नर्सनं कागद भरताना त्याला विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"माय," म्हणाला.

नर्सनं माझ्याकडं बोट केलं. "आणि ह्या?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, मी नीट बघितलं. शाळेत मास्तरांना उत्तर देतात तसं आदबीनं म्हणाला, "ह्या आशाताई हायत."

माय काही बोलणार होती. मी तिचा हात दाबला. नर्सनं तसंच लिहून घेतलं.

हे पत्र पोचेपर्यंत दिवाळी होऊन गेली असेल, पण जमेल तेव्हा ये. सोमेशरावांनाही आण. तुझं नाव तो घेतो. मोनी कधी येणार म्हणून मायला विचारत होता.

तुझी,
आक्का